केसाएवढी फट

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत मालवाहू जहाजाचा वाल्व घासायचा, याचीच लोकांना आधी मोठी गंमत. अंबाझरी तलावात जहाज सोडणार का, असं विचारून विचारून नातेवाइकांनी रितिकाचं डोकं पिकवलं होतं. सहा वर्षं जहाजावर इंजिनिअर म्हणून काढून आलेली ही पोर आता जहाजाचे भाग दुरुस्त करायला स्वतःची शेड टाकून बसली होती. एका कंपनीनं परीक्षा म्हणून तिच्याकडे एकच जुना वाल्व, तो ज्यावर बसतो त्या कड्यासकट, पाठवला होता. तो पास झाला तर वर्षभर काम, नाही तर शेडला कुलूप.

वाल्व कसला, तिच्या छातीइतका उंच दांडा आणि त्याला परातीएवढं डोकं! मिनिटाला जेमतेम नव्वद फेरे घेणाऱ्या त्या अजस्र इंजिनात तो धुराची वाट उघडतो आणि मिटतो. रितिकानं तो मशीनवर अगदी शेवटच्या मापापर्यंत घासला. त्यापुढे घासायला धातूच उरत नव्हता. मग कागदपत्रांसाठी ती दोन दिवस मुंबईला गेली.

परतली ती स्टेशनवरून थेट शेडमध्ये, कारण कंपनीचा तपासनीस तासाभरात येणार होता. दारात तिचे बाबा, देवराव, काळ्या हातांनी उभे. चाळीस वर्षं काटोल रोडवर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस.

"पाय वं बाई, तुह्या मशीननं कडेले फट ठेवली होती. वाल्व नीट बसूनच नव्हता राहिला. दोन दिवस चेनवर टांगून, घासायची पेस्ट लावून कड्यावर घासला. आता ओत डिझल. थेंब गळला तर देवराव नाव नाही सांगणार!"

रितिकानं वाल्व आणि कड्याच्या मधे पातळ पट्टी घालून पाहिली. पट्टी कुठेच शिरेना. तिनं मुद्दाम ठेवलेली, केसाएवढी फट पार गेली होती. तिला रडावं की ओरडावं ते कळेना, आणि बाबा तर कौतुकाची वाट पाहत उभे.

तपासनीस आला. त्यानं वाल्वच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ब्युटिफुल." तेवढं ऐकून देवराव उड्या मारत चहा सांगायला गेले. मग त्यानं मापं घेतली, फॉर्मवर 'रिजेक्ट' लिहिलं आणि चहा यायच्या आत गाडीत बसला.

"पास झाला नं?" हातात तीन ग्लास धरून देवरावांनी विचारलं.

"कायचा पास!" रितिका फुटलीच. "ती फट पाहिजेच होती, बाबा! इंजिन तापलं की वाल्वचं डोकं फुगते, वाकते, तेव्हा फट मिटते आन् तो पुरा बसते. थंडाच गच्च बसवला तर तापल्यावर आतल्या बाजूनं उघडते. सारं काम गेलं आपलं!"

देवरावांनी ग्लास खाली ठेवले. वाल्वच्या कडेवर अंगठा फिरवला.

"हौ. थंडा असताना फट पाहिजे, गरम झाल्यावर नाही. बरोबर हाय." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "एवढंच होतं, तर मले आधी काहून नाही सांगतलं वं?"

रितिकानं तोंड उघडलं. 'तुम्हाले समजणार नाही म्हणून' हे उत्तर जिभेवर तयार होतं, आणि ते आता कोणत्या तोंडानं द्यायचं, हे तिला समजेना.