कानातला बोळा

चूक माझी होती. पण निम्मीच.

कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी एमआरआय करायला पाठवलं. तिथल्या ऑपरेटरने फोमचे दोन बोळे हातात कोंबले, "कानात घाला" म्हणाला आणि काचेमागे पळाला. का घालायचे, नाही घातले तर काय होईल, एक अक्षर नाही.

मी तीस वर्षं गाड्यांचे आजार कानाने ओळखतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, की रोग हजर. एवढी मोठी मशीन चालू होणार आणि मी कान बंद करू? एक बोळा घातला, दुसरा मुठीत दाबून धरला.

वीस मिनिटं ती मशीन डोक्यावर हातोडे हाणत होती आणि मी आत पडून निदान करत होतो. बेअरिंग गेलंय, दोन बोल्ट ढिले आहेत. बाहेर आल्यावर ऑपरेटरला तसं सुनावलंसुद्धा. त्याचे ओठ हलले. माझ्या उजव्या कानात नुसती शिट्टी.

तीन दिवस शिट्टी थांबेना. गॅरेजात येणारी प्रत्येक गाडी सारखीच गुणगुणायला लागली. मेकॅनिकचा कान गेला की उरतो फक्त तेलकट माणूस.

बायको म्हणाली, "चला, माझं न ऐकायला आता कारण तरी मिळालं."

"इतकी वर्षं काय कारण होतं?" लेकीने विचारलं.

ही लेक माझ्याच हाताखाली तयार झालेली मेकॅनिक. तिनेच मला ओढत कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी दोन्ही कान तपासले. "कान दमलाय, मेलेला नाही. बहुतेक येईल ताळ्यावर. पण पुन्हा उघड्या कानाने आत गेलात तर मी हात वर करीन, काका."

"हे त्या माणसाला आधी सांगता येत नव्हतं?"

"त्यालाच विचारा की."

विचारायला गेलोच. ऑपरेटर म्हणाला, "दिवसाला वीस पेशंट असतात. किती वेळा सांगू?"

"वीस वेळा."

बाहेर बाकावर बसलेल्या आजीबाई फसकन हसल्या. म्हणाल्या, "आता माझाच नंबर आहे. मला सांग बाबा." मग ऑपरेटर काय करतो? त्याने बोळा बोटांत वळून बारीक केला, आजींचा कान वर ओढला, आत सरकवला आणि फुगेपर्यंत धरून ठेवला. अर्ध्या मिनिटाचं काम. एवढ्यासाठी लोकांच्या कानांचा भुगा करतात.

आठव्या दिवशी जाग आली तेव्हा शिट्टी नव्हती. विश्वास बसेना. चहा न घेता गॅरेज गाठलं. दारात एक टॅक्सी उभी होती. लेकीने इंजिन चालू केलं. मी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, उजवा कान लावला. आधी काहीच नाही. टोक जरा सरकवलं. मग खोल कुठेतरी, टिक. टिक.

"तिसरा टॅपेट ढिला आहे."

"नक्की?"

"तिसराच."

लेकीने पाना माझ्या हातात ठेवला. "मला कालच कळलं होतं. मुद्दाम हात लावला नाही."

"आणि गिऱ्हाईकाला काय सांगितलंस?"

"मालकांचा कान सर्व्हिसिंगला गेलाय म्हटलं. उद्या मिळेल."

मी तिला एक सणसणीत शिवी हासडली आणि हसत हसतच इंजिनाचं कव्हर उघडलं. तिसराच होता.