नाककाकांच्या चिठ्ठ्या

“काका, ओळखा माझ्या डब्यात काय आहे!”

“आधी प्रयोग, मग डबा,” नाककाका म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

मुली हसल्या. फळ्यावर अल्कोहोल आणि अ‍ॅसिटिक आम्लाचं समीकरण लिहिणाऱ्या रसायनशास्त्राच्या बाईंचा हात मात्र थांबला. एकतीस वर्षं या प्रयोगशाळेत मदतनीस असलेला हा माणूस डबा न उघडता भाजी सांगायचा, म्हणून तर मुलींनी त्यांना नाककाका केलं होतं. ते तिचे वडील. शाळेत ते तिला बाई म्हणत आणि ती त्यांना काका.

सकाळी घरी दूध करपलं होतं, पार काळा धूर होईपर्यंत. ते हातभर अंतरावर पेपर वाचत बसले होते.

“लक्षच नव्हतं गं,” ते म्हणाले, आणि तिनं ते मानलं होतं. मानणं सोपं होतं.

आता तिनं कपाटातून शुद्ध पाण्याची बाटली काढली, बूच काढलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “काका, यात काय आहे हो? चिठ्ठी नाहीये.”

चिठ्ठी कशावरच नव्हती. त्यांना त्यात कमीपणा वाटे. ‘चिठ्ठी खोटं बोलेल, नाक नाही,’ असं ते म्हणायचे. त्यांनी बाटलीवरची हवा हातानं आपल्याकडे ओढली, डोळे मिटले.

“अ‍ॅसिटिक. जरा जुनं झालंय.”

तिनं वळून टेबलांकडे पाहिलं. त्यांवर टोपणं घातलेले आठ स्पिरिटचे दिवे होते, सकाळी त्यांनीच भरलेले. मागच्या खोलीत स्पिरिटचा डबा होता आणि त्याला खेटून तसाच पत्र्याचा दुसरा, गेल्या आठवड्यात रंगारी ठेवून गेलेला. त्यात थिनर होतं.

कोपऱ्यात काडी ओढल्याचा आवाज आला.

“विझव ती! सगळ्यांनी काड्या खाली ठेवा, भिंतीकडे व्हा!” स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. “बाबा, दिवे कशातून भरलेत?”

मुलीनं घाबरून काडी फुंकली. बाबा हा शब्द वर्गात कुणी ऐकला नव्हता.

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. तिला वाटलं, हसण्यावारी नेतील. त्यांनी तिच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं, मग दिव्यांकडे. त्यांनी एक दिवा बाहेरच्या ओट्यावर नेला, चिनीमातीच्या वाटीत चार थेंब टाकले, दिवा दूर ठेवला आणि लांबून काडी लावली.

भप्पकन पिवळी ज्योत उठली. चिमट्यानं वर धरलेला पांढऱ्या फरशीचा तुकडा बघता बघता काळा झाला.

“स्पिरिट असतं तर ज्योत निळी असती, काजळी धरली नसती,” दारात जमलेल्या मुलींना ते म्हणाले. “हे थिनर. यात कार्बन फार, तो पुरता जळत नाही. दिवे पेटले असते तर...” ते थांबले. “मला चार महिन्यांपासून वास येत नाही. सांगायची लाज वाटली. चूक माझी आहे.”

मग डबा ओळखायला सांगणारी मुलगी हळूच म्हणाली, “काका, विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं डब्यात काय आहे ते.”

शाळा सुटल्यावर ते गोंद आणि कागद घेऊन बसले. ती एकेक बाटली हुंगून सांगत होती, ते लिहीत होते. वर नाव, खाली वास.

“अ‍ॅसिटिक?”

“आंबट. नाकाला झोंबतो.”

“एस्टर?”

“गोड. पिकल्या फळासारखा.”

“हं. तसाच असायचा.”

शेवटी पाण्याची बाटली राहिली. सवयीनं तिनं ती नाकाशी नेली.

“ती दे इकडे,” ते म्हणाले आणि तिला न विचारता लिहिलं: शुद्ध पाणी. वास नाही.

ते गेले त्याला आता सहा वर्षं होतील. कपाटातल्या बाकीच्या चिठ्ठ्या दोनदा बदलून झाल्या. पाण्याची बाटली मात्र ती स्वतः धुते, बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसते, आणि पुन्हा भरताना अक्षरांवर थेंब पडू देत नाही.