स्टेअरिंगचा प्ले

"हे खेळणं झालं," म्हणत गोरक्षनाथ ठुब्यांनी रिमोट काउंटरवर आपटला. "बटन दाबलं की सुसाट, सोडलं की ठप्प. वळायचं तर एकदम टोकापर्यंत. अशी गाडी कोन चालवतं?"

नगरच्या त्या दुकानात रिमोटच्या जीप चिखलात लोळवणारी हौशी गिऱ्हाइकं येत. पिशवीतून एसटीची लाकडी प्रतिकृती काढणारा म्हातारा दुकानदार हर्षलने प्रथमच पाहिला. लाल रंग, मागची शिडी, खिडक्यांचे गज, सगळं घरी घडवलेलं, आतली मोटर तेवढी विकतची. उभी हयात एसटी चालवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर दुसरं काय बनवायचं?

"मग हा घ्या, काका. पिस्तुलासारखा धरायचा. डाव्या हाताच्या बोटाने वेग, उजव्या हाताने चाक. जेवढं फिरवाल तेवढीच गाडी वळणार."

हर्षलने नवा रिमोट गाडीला जोडून दिला. गोरक्षनाथांनी त्याच्या चाकावर उजवा हात ठेवला, आणि काउंटरवरच्या एसटीची पुढची चाकं थरथरू लागली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. कंपवाताचा हात खिशात तरी लपवता यायचा. इथे तो लाल रंगाच्या गाडीखाली सगळ्यांसमोर वळवळत होता. त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"मामा, तुमी बाहेर चहा पिऊन या," सोबत आलेली सून निकिता म्हणाली. सासऱ्यांना ती मामाच म्हणायची. "तवर मी सेटिंग करून घेते."

चहा! घरी त्यांना आता अर्धाच कप मिळायचा, सांडू नये म्हणून. मोटरसायकलची किल्ली मुलाने, अमृतने, कुठेतरी ठेवली होती आणि विचारलं की ती 'सापडत नाही' असं व्हायचं. कोणी तोंडावर काही बोलत नव्हतं. सगळे नुसते गोड वागत होते, आणि त्या गोडपणाचा त्यांना मनापासून वीट आला होता. एखाद्याने सरळ 'तुमच्याच्यानं आता होत न्हाई' असं म्हटलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्याजवळच्या त्यांच्या घरापुढे शेजारीपाजारी जमले. गोरक्षनाथांनी धास्तावतच चाक धरलं, बोट दाबलं. एसटी निघाली ती सरळ. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तसूभरही बाजूला न ढळता.

"ठुबे डायव्हर! हात काय बसलाय अजून!" शेजारचे मच्छिंद्र ओरडले. टाळ्या पडल्या.

गोरक्षनाथांना भरून आलं. म्हणजे हात अजून मेला नव्हता! भंडारदऱ्याच्या वळणांवरून भरलेली गाडी काढणारा हात होता तो. आता अमृतला किल्ली शोधावीच लागणार होती.

मग त्यांची नजर खाली गेली. हात तसाच थरथरत होता. गाडीला मात्र त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी मुद्दाम चाक थोडं फिरवलं. गाडी सरळ. आणखी थोडं फिरवलं. तरी सरळ. खूप फिरवलं तेव्हा कुठे ती वळली.

"ह्याला प्ले हाय," ते म्हणाले.

स्टेअरिंग फिरवावं आणि चाकांना कळूच नये, ही ड्रायव्हरच्या लेखी सगळ्यात घाणेरडी ढिलाई. असली गाडी त्यांनी जन्मात कधी डेपोबाहेर काढली नव्हती.

"निकिता, हे तू करायला लावलंस?"

तिने पदराशी चाळा केला. "तुमाला बरं वाटावं म्हनून, मामा."

"बरं? ह्यांनी टाळ्या कुनाला वाजवल्या मग? त्या दुकानदाराला?" त्यांनी रिमोट तिच्यापुढे धरला. "लाव त्याला फोन."

हर्षलने आधी समजावून पाहिलं, मग नाइलाजाने कुठलं बटण दाबायचं आणि कुठला आकडा शून्यावर आणायचा ते सांगितलं. आकडा शून्यावर आला आणि एसटीची चाकं पुन्हा थरथरू लागली.

गाडी निघाली. वेडीवाकडी, प्यायल्यासारखी. ओट्याला घासून बाजूचा रंग खरवडला गेला. कोणीतरी फिस्सकन हसलं. मच्छिंद्रांना एकदम दुधाची आठवण झाली आणि ते निघून गेले. बाकीचेही पांगले. गोरक्षनाथांनी मान वर केली नाही. घामाघूम होत त्यांनी गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे नेली, पुन्हा मागे घेतली. शेवटी ती भिंतीपाशी लागली, फलाटाला लागते तशी, थोडी तिरकी.

"झालं," ते म्हणाले. "चहा ठेव आता."

निकिताने सवयीने अर्धा कप आणला.

"भरून आन."

ती आत गेली आणि काठोकाठ भरलेला कप बशीत ठेवून घेऊन आली. त्यांच्या ओठांपर्यंत पोहोचेतो थोडा चहा बशीत गेला, थोडा लेंग्यावर सांडला. ती फडकं घेऊन पुढे झाली. त्यांनी डाव्या हाताने तिला थांबवलं. कपातला चहा संपवला, मग बशीतला प्यायले. लेंग्यावरचा डाग तसाच वाळत राहिला.