हात दाखवला की थांबायचं

"पुना हिच्यातच अंडं घातलंन! माज्या चुलीवर धड छप्पर नाय, न् हिला मातर बारा महिने मांडव. मेली सवत माजी."

सोनूबाई माझ्या सीटवरून कोंबडी हाकलत पुटपुटत होती. मित्रांनो, ती सवत म्हणजे मी. मी एक जुनी शर्यतीची मोटार आहे. दोनच माणसांची, डोक्यावर टप नसलेली, पोट जमिनीला टेकेल इतकी ठेंगणी. माझा रंग मूळचा गडद हिरवा. आता तो शेवाळाचा आहे असं सोनूबाई म्हणते, आणि तिचं अगदीच चूक नाही.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या कारागिरांनी माझा पत्रा लाकडी हातोड्यांनी ठोकून वळवला, असं मी ऐकून आहे. बोटीतून मुंबईला आले, दोन-तीन श्रीमंतांच्या दारात उभी राहिले, आणि शहापूरकडे धरणाचं काम निघालं तेव्हा एका इंजिनियर साहेबांबरोबर या मुलखात आले. साहेबांचा ड्रायव्हर होता केरू. धरण बांधून झालं, साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी माझी किल्ली केरूच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "हिची कुरकुर तुलाच कळते. तूच ठेव."

तेव्हापासून मी केरू आणि त्याची बायको सोनूबाई यांच्या अंगणात आहे. मुरबाडला रेल्वे नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. केरूनं एक जीप घेतली आणि आसनगाव स्टेशन ते मुरबाड अशा फेऱ्या मारू लागला. घर जीपनं चालवलं. मी नुसती हौस चालवली. चौदा एप्रिलला मला निळ्या पताका लावायचे, पाठीवर बाबासाहेबांची तसबीर बसवायचे आणि मिरवणूक माझ्या मागून निघायची. त्या एका दिवशी सोनूबाई मला सवत म्हणत नसे. स्वतःच्या पदरानं माझी काच पुसत असे.

केरूचा धंद्यातला नेम एकच होता. रस्त्यात कोणी हात दाखवला की थांबायचं. जीप चेपून भरलेली असो, मागे दोघं लटकलेले असोत, हात दिसला की त्याचा पाय ब्रेकवर. "आपुन सोडला तर तो मानूस तितंच. मागची जीप कंदी येल, कुनास ठावं," असं तो म्हणे. वीस वर्षं तो असा थांबत आला.

आता पुढचं सांगते. जीप माझ्या शेजारी उभी राहायची, म्हणून मला आधी दिसलं. तिच्या डाव्या अंगाला दर महिन्याला नवा पोचा पडायला लागला. केरू म्हणायचा, "म्हशी माजल्यात." सोनूबाई म्हणायची, "रस्तेच तसले." केरूची मुलगी पौर्णिमा कल्याणला नोकरीला होती. रोज सकाळी ती बापाच्याच जीपनं आसनगावला जायची. तिनं एका रविवारी अंगणाच्या फाटकाचे दोन्ही खांब चुन्यानं पांढरेफेक केले. "कशाला गो?" बापानं विचारलं. "बरं दिसतं," ती म्हणाली. मग सोनूबाईला एकाएकी घरात कंटाळा यायला लागला, आणि ती जीपमध्ये पुढे बसून फेऱ्या करू लागली. रोजचे प्रवासीही तसेच. नामा गुरुजी मागून हसत हसत ओरडायचे, "केरूदादा, डावीकडं खड्डा बघ, माझी कंबर जुनी हाय!" सगळ्यांनाच अचानक खड्ड्यांची फार काळजी वाटू लागली होती. एक गोष्ट तेवढी कोणी बोलत नव्हतं.

का बोलत नव्हतं, तेही सांगते. केरूचा बाप गणू म्हातारपणी आंधळा झाला होता. अकरा वर्षं ओट्यावर बसून होता. कोणाचंही पाऊल वाजलं की विचारायचा, "कोण?" मुलगा आला तरी "कोण?", मांजर आलं तरी "कोण?" बाप गेल्यावर केरूनं तो शब्दच टाकून दिला. दारात माणूस आला की ओळखीचा असो-नसो, "या या, बसा." लोक म्हणायचे, काय अगत्य आहे! मला मात्र तो प्रत्येकाच्या आवाजाची वाट बघताना दिसायचा.

दोन हजार दोन सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या एका हौशी मंडळानं जुन्या मोटारींची शर्यत ठरवली. मुरबाडबाहेर कारखान्यांसाठी रुंद रस्ते आखले होते, पण कारखाने अजून यायचे होते. तिथे शनिवारी सराव आणि रविवारी शर्यत. कोणीतरी केरूचं नाव दिलं. केरू आठ दिवस माझ्याखाली पडून होता. माझा उजवा दिवा मंद झाला होता. त्यानं काच उघडली, आतली धूळ फुंकली, बल्ब बदलला, वायरीला नवी पट्टी गुंडाळली. "दिवे सफा पायजेत," तो म्हणाला. सोनूबाई दारात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. मग ती पुन्हा खडे वेचू लागली.

शनिवारी सरावात शेजारी माणूस बसवायला परवानगी होती. सोनूबाईनं पदर कानावरून घट्ट बांधला आणि सवतीच्या मांडीवर येऊन बसली.

"उजवीकडं वळान... आता सरळ... कुत्रा हाय, अवो, कुत्रा!"

"दिसतंय मला."

"दिसतंय तं हळू घ्या की."

मुंबईचे लोक खुशीत हसत होते. अशी जोडी त्यांनी पाहिली नव्हती. आम्ही चौदा मोटारींत तिसरे आलो. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, त्या दिवशी माझ्या इंजिनाला पंचवीस वर्षांनी घाम फुटला आणि मला ते फार आवडलं.

मग एका साहेबांनी कागद वाचून सांगितलं, "उद्या शर्यतीत फक्त ड्रायव्हर. शेजारी कोणी नाही."

उन्हं कलेपर्यंत केरू तो सगळा रस्ता पायी फिरला. प्रत्येक वळणावर थांबून वाळूच्या गोणींना हात लावी आणि ओठ हलवत पावलं मोजी. तो रस्ता पाठ करत होता. आसनगाव-मुरबाड रस्ताही त्याला असाच पाठ होता, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी सकाळी पौर्णिमा म्हणाली, "बाबा, नको ना आज. ऊन फार हाय."

"फेब्रुवारीत कसलं गो ऊन?"

"मंग तुमचं डोकं दुखंल. ते हेल्मेट घट्ट बसतंय तुमाला."

सोनूबाईनं मान दुसरीकडे वळवली. केरूनं ते घट्ट हेल्मेट चढवलं आणि किल्ली फिरवली.

पाच फेरे होते. पहिले दोन पाठ केल्यासारखे गेले. वळण आलं की केरू आधीच वळलेला असे. तिसऱ्या फेऱ्यात आम्ही दुसऱ्या नंबरावर होतो. पण त्या तिसऱ्या फेऱ्याच्या आधी एक गोष्ट झाली होती. मागच्या एका गाडीनं गुरांच्या गोठ्याजवळच्या वळणावर खांबाला धडक दिली होती. म्हणून तिथल्या माणसांनी घाईघाईनं त्या खांबाला पेंढा भरलेलं पोतं बांधलं, वर लाल फडकं अडकवलं आणि बाजूला झाले. वाऱ्यानं ते फडकं वर उठलं आणि हललं.

केरूचा पाय ब्रेकवर गेला.

माझी चाकं किंचाळली, आणि मी पोत्यासमोर गुमान उभी राहिले. केरूनं डाव्या बाजूचं दार उघडलं. सीटवर हात फिरवून धूळ झटकली.

"बसा मावशी. सरळगाव का मुरबाड?"

पोतं कशाला बोलतंय? आमच्या बाजूनं एक मोटार गेली, मग दुसरी, मग सगळ्याच.

"मावशी, चला लवकर. बोचकं मांडीवर घ्या."

कडेचे लोक आधी माना उंचावून बघू लागले. मग एकजण हसला, मग सगळे हसले, टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. "काय नकल्या माणूस आहे!" केरू खाली उतरला, चाचपत पुढे गेला आणि त्यानं पोत्याला हात लावला. हातात पेंढा आला. तसाच मुठीत धरून तो परत आला आणि आम्ही उरलेले फेरे चालत्या बैलाच्या गतीनं पुरे केले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूनं गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं. आम्हाला पुसा, तेल घाला, पावसात सोडू नका. माझी तशी तक्रार नाही. माझा दिवा मंद झाला त्याच आठवड्यात कोणीतरी काच उघडून पाहिलं. मी एवढंच मागते, की जो आमचे दिवे पुसतो, त्याच्याही तोंडाकडे कोणी तितकं नीट पाहावं, आणि पाहिलेलं बोलावं.

बक्षिसांच्या वेळी मला मांडवाजवळच उभी केली होती. पहिला, दुसरा, तिसरा झाला. मग साहेब माईकवरून म्हणाले, "आणि आजचा खास कप, शर्यत सोडून मावशीला लिफ्ट देणाऱ्या आपल्या केरूदादांना! दादा, ही गंमत तुम्हाला सुचली कशी?"

पुन्हा टाळ्या. नामा गुरुजी केरूच्या कानाशी लागले. "घे कप न् चल. सुचली म्हन, झालं. उद्या सकाळची फेरी हाय."

उद्या सकाळची फेरी. साडेपाचची. तीत गुरुजी असणार होते, आणखी दहा माणसं असणार होती, आणि डबा मांडीवर घेऊन पौर्णिमा असणार होती.

केरूनं कप घेतला नाही. त्याच्या मुठीत अजून तो पेंढा होता. समोर कोणीतरी येऊन उभं राहिलं, निळसर लुगड्याचं, आणि काही बोललं नाही. केरूनं मान पुढे काढून पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"कोण?" तो म्हणाला.

माईक जवळच होता. तो शब्द मैदानभर गेला. टाळ्या थांबल्या.

"मी सोनू," ती म्हणाली.

केरूनं चाचपून तिचा हात धरला. मग माईकच्या दिशेनं तोंड केलं. ती दिशा थोडी चुकलीच.

"सायेब, गंमत नवती ती. मला वाटलं, बाई हाय. मला दिसत नाय."