श्रावणातले माउलटाशन

माह्या नवऱ्याले, हेमराजले, एरवी वर्षभर देव आठवत नाई. पण श्रावण लागला का बाप्पा, माणूस एकदम महाराज होते. मटण बंद, अंडं बंद, अन् गावभर सांगत फिरणं चालू.

यंदा नेमकी श्रावणातच आमची दिव्यानी जर्मनीहून सुट्टीवर आली. तिथी दवाखान्यात नर्स आहे. आल्याबरोबर सांगून टाकलं, तिथल्याच योनासशी लग्न करायचं आहे, पण बाबा हो म्हणतील तरच. बाबा तिले टाळाले लागले. मंग त्याईले खुश कराले पोट्टी म्हणे, मी तिकडचे माउलटाशन करते. करंजीवानी मैद्याच्या पारीत सारण भरायचं अन् रश्श्यात उकडायचं. अन् बोलता बोलता बोलून गेली, का जुन्या काळी तिथल्या साधूईनं उपासाच्या दिवसात मटण असं पारीत लपवलं, देवाले दिसू नये म्हणून.

झालं! बाबा उसळले. "देवाले चुना लावणाऱ्या लोकाईत पोरगी देऊ मी? नाई म्हणजे नाई!" अन् तरातरा शेतावर निघून गेले.

पोट्टी रडाले बसली. मले असा संताप आला! म्हटलं, "ऊठ, कर तुये ते टाशन. तुया बापाच्या धर्माकडे मी पाहते."

सकाळीच शेजारच्या सोमारीबाईनं जंगलातून सात्या आणून देल्या होत्या. वारुळावर उगवणाऱ्या ह्या अळंबीच्या छत्र्या काळ्या मसाल्यात शिजल्या, का मटणाच्या थोबाडीत मारतेत. त्या चिरल्या, पालक, कांदा, शिळा पाव घातला. दिव्यानी म्हणे, पारीत अंडं पाहिजे. म्हटलं, "श्रावण आहे, गुमान बिनअंड्याचं मळ."

वास शेतापर्यंत गेला का काय, बाबा लवकरच परतले. आम्ही मायलेकी मागच्या अंगणात, सांदवाडीत, भांडे घासत होतो. खिडकीतून पाहतो तर काय! बुवा स्वयंपाकघरात शिरले, गंजावरचं झाकण काढलं, वास घेतला. मंग देव्हाऱ्यापाशी जाऊन पडदा ओढला, अन् बसले मांडी घालून हादडाले.

मी दारात उभी राह्यली. "काऊन जी, देवाले थंडी वाजून राह्यली का?"

घास तोंडात तसाच धरून म्हणे, "कमळा, कोणाले सांगू नको वं. मटणाचा वास आला, राहवलंच नाई."

"मटण कुठी? सात्या आहेत त्या!"

आधी तर सुटल्यावानी हसले. मी म्हटलं, "दात काढू नका. तुमची नियत तर चुना लावायचीच होती ना? त्या साधूईनं निदान कणीक तरी मळली. तुमी नुसता पडदा ओढला!"

दिव्यानी हसून हसून भिंतीले टेकली. बाबानं मात्र ताट बाजूले सारलं. मंग हळूच म्हणे, "देवाबिवाचं काही नाई, पोरी. तू तिकडचीच होऊन गेली, तर येशीन का कधी?"

मलेही तेच भेव होतं.

दिव्यानी त्याईले खेटून बसली. "दरसाल येऊ, बाबा. दोघंही."

"श्रावण सोडून या," बाबा म्हणे. "जावयासमोर मले एवढं सोवळं राहणं जमणार नाई."