धावताना विचारलेले प्रश्न

भिंगरी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण पाळण्यातलं नाव आता कुणाला आठवतही नव्हतं. लग्नाआधी एकदा म्हणे ती सुटलेल्या बसमागे धावली ती बसलाही मागे टाकून पुढच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर इतका ओशाळला की कंडक्टरने तिकीट फाडायच्या आत त्याने तिला लग्नाची मागणी घातली.

पहिल्या खेपेला दिवस राहिले तेव्हा मात्र घरच्यांनी तिला पलंगावर निजवलं. पाय खाली टेकू नकोस, कूस बदलायची तर सांगून बदल. तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तरी पाचव्या महिन्यात पोटातलं थांबलं. का, ते कुणालाच सांगता आलं नाही. तिथून तिच्या आत काहीतरी बधिर झालं ते झालंच. ती कामाला जायची त्या लाँड्रीत हाताला इस्त्री लागली, तर चटक्याच्या आधी वास यायचा, मग तिला कळायचं.

या खेपेला तिने डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारलं, "धावू का?"

"आधीपासून धावतेसच, आणि सगळं ठीक आहे. धाव. पण धावताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना झालं की चालायला लाग."

हे सासूबाईंनी ऐकलं मात्र, माळ्यावरून मुलाची शाळेतली सायकल खाली आली.

"आई, तुला सायकल येते?" ड्रायव्हरने डोळे विस्फारले.

"तुझा बाप मागे लागला होता तेव्हा कशावरून पळाले होते मी?"

"मग सापडलीस कशी?"

"पंक्चर झाली मेली!"

तर रोज सकाळी पुढे भिंगरी आणि मागे करकरत्या सायकलवर सासूबाई. बोलता येतंय की नाही हे तपासायला प्रश्नांची सरबत्ती.

"काल भाजीत मीठ जास्त झालं होतं का गं?"

"हो."

"शेजारीण माझ्यावर जळते ना?"

"हो."

"मी बारीक झालेय?"

"हो."

भुंकायला आलेली कुत्रीसुद्धा आपल्याला काही विचारतील या भीतीने गल्लीत वळायची. भिंगरी प्रश्न ऐकतच नसे. 'हो'ला दम कमी लागतो, म्हणून 'हो'. अशातच एका सकाळी मागून आलं, "पोटात हालतं का गं आता?"

"हो."

सासूबाईंनी आनंदाने घंटी वाजवली. मग रोजच तो प्रश्न आणि रोजच ते उत्तर.

हालत नव्हतं. किंवा तिला कळत नव्हतं. त्यातलं खरं कुठलं हे बघायला थांबावं लागलं असतं, आणि थांबणं तिने सोडलं होतं. सकाळी धावायची, दिवसभर इस्त्रीपुढे उभी, घरी आल्यावर पुसलेलं पुन्हा पुसायचं, आणि पडल्या पडल्या दगडासारखी झोप.

तपासणीला नर्सबाईंनी पोटाला टेप लावत विचारलं, "बाळाची हालचाल कळते?"

"तर हो!" उत्तर सासूबाईंनी दिलं. "धावताना तर सारखं चाललेलं असतं त्याचं. मला रोज सांगते ना!"

नर्सबाईंचा हात थांबला. "धावताना? अहो, तेव्हा तर बाळं झोपतात. पाळणा हलत असला की कोण जागं राहतं?"

सासूबाई सुनेकडे वळल्या.

"मग मला 'हो' का म्हणत होतीस गं?"

"तुम्ही विचारत होतात म्हणून."

नर्सबाईंनी यंत्र लावलं. शेजारच्या घरात कुणी शिलाई मशीन चालवावं तसा ठोक्यांचा आवाज आला. "छान चाललंय बघ."

"मागच्या खेपेलाही ऐकला होता," भिंगरी म्हणाली. बस, इतकंच.

नर्सबाईंनी वाद घातला नाही. "तुझी वार पुढच्या बाजूला आहे, मध्ये गादीसारखी, म्हणून उशिरा कळेल. पण थांबलीस तर कळेल ना? खुशाल धाव. फक्त जेवण झालं की डाव्या कुशीवर पड आणि जरा वेळ काही करू नकोस."

घरी जेवण झाल्यावर पलंगाकडे बघूनच तिने पाऊल मागे घेतलं. सासूबाईंना ते दिसलं असावं. त्यांनी खाली सतरंजी अंथरली.

ती पडली. उठावं, कपडे भिजवावेत, असं तीनदा मनात आलं. सासूबाई पायाशी बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांना काही विचारायला सुचेना.

मग आतून, अगदी हलकं, कुणीतरी घट्ट काजातून बटण सरकवावं तसं काहीतरी झालं. भिंगरीने श्वास रोखला. तसंच पुन्हा एकदा झालं. तिला ना रडू आलं, ना हसू. तिने सासूबाईंचा हात ओढला आणि पोटावर दाबून धरला.

सासूबाईंनी डोळे मिटून बराच वेळ वाट बघितली. "मला तर काही जाणवत नाही गं."

"मला जाणवतंय."

अंगाखालच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. तरी तिने कूस बदलली नाही.