होस्ट्याची जागा

घराच्या उत्तरेला, जिथं ऊन फारसं पोचत नाही, तिथं कडूबाईनं होस्टा लावला तेव्हा सगळी तामलवाडी हसली होती. नात राजनंदिनीनं महाबळेश्वरहून आणलेलं ते शोभेच्या पानांचं रोप, थंड मुलखातलं. "इथल्या उन्हाळ्यात त्याची भाजी हुईल," असं कडूबाईचा थोरला मुलगा, युवराज, म्हणाला होता. कडूबाईनं पाण्याचा रांजणच रोपाच्या उशाला नेऊन ठेवला. झिरपणारं गार पाणी मुळाला मिळत राहिलं आणि भादव्यापर्यंत सुपासारखी पानं पसरली. मधी हिरवीगार, कडेला सायीसारखी पांढरी किनार. हसलेल्या बायाच मग फोटो काढायला यायला लागल्या.

मार्गशीर्षात पानं पिवळी पडली अन् आठ दिवसांत भुईला मिळाली.

"मेलं ते, आये," युवराज म्हणाला. "तिथं आता फरशी घालू. निकिताचं कपडे धुयाचं मशीन बसंल." आईला विचारायच्या आधीच त्यानं वैजनाथ गवंड्याला सांगून ठेवलं होतं.

वैजनाथ आला तर कडूबाई त्या जागेला खेटून पाट टाकून बसलेली.

"उठा काकू, सिमेंटचा माल वाळायलाय."

"वाळू दे. पाला वाळला की हळद मरती व्हय रे? कंद झोपलाय खाली."

सून निकिता हळूच म्हणाली, "आत्या, जरा उकरून बघू. जित्ता असंल तर ऱ्हाऊ द्या, मी धुईन हातानं."

युवराज लगेच खुरपं घेऊन आला. कडूबाईनं ते हिसकावून पाटाखाली सारलं. कंद कुजला असला तर, हा किडा तिच्याही डोक्यात आठ दिवस वळवळत होता. म्हणूनच तिला खुरपं नको होतं.

"पेरलेलं उकरून बघायची रीत आपल्या घराण्यात न्हाय! ज्वारी पेरली की रोज उकरतूस का, जित्ती हाय का म्हून? गेल्या साली तापात तीन दिस माझा डोळा उघडला नव्हता. तवाच घालायची फरशी माझ्यावर!"

वैजनाथ फसकन हसला. युवराजनं त्याच्याकडं डोळे वटारले.

"कडंनं घाल मंग," तो शेवटी वैजनाथला म्हणाला. "मधी फूटभर मोकळं ठेव."

"फूटभर?" कडूबाईनं त्या उजाड मातीकडं बघितलं अन् पदर खोचून उठली. "फुटल्यावर पानं काय तुझ्या खिशात पसरायची? तीन फूट सोड, वैजनाथ. आण ती दोरी, एक टोक मी धरते."